तरंगाचे लुगडे : वस्तूंतून घडलेली आपली ओळख

पेडण्याची पुनव ज्यांनी एकदा तरी पाहिली आहे, त्यांना तरंग म्हणजे काय हे समजावून सांगावयास नको. कोजागिरीच्या रात्री श्रीरवळनाथ व श्रीभूतनाथ यांची तरंगे रंगीबेरंगी लुगड्यांनी फुललेली अशी गर्दीतून वाट काढीत निघतात आणि पाहता पाहता माणसांच्या डोक्यांवरून तरंगत चालल्यासारखी दिसू लागतात. भूतनाथाला आपल्यासाठी एका रात्रीत देऊळ उभे राहावयास हवे असते. ते होत नाही म्हणून तो रागावून रानाकडे धाव घेतो आणि लोक त्याला पुढच्या वर्षाचा वायदा करून परत आणतात, असे परंपरा सांगते. दरवर्षी तोच रुसवा, तीच धाव, तोच वायदा. मांद्रे, मोरजी, पार्से, हरमल, कोरगाव येथील माणसे पिढ्यान्‌पिढ्या हा सोहळा पाहावयास पेडण्यास जात आली आहेत.

आता क्षणभर असे समजा की, त्या तरंगावरील सगळी लुगडी उतरविली. खाली काय उरते? एक लाकडी खांब. उत्सव आटोपल्यावर तोच खांब कोपऱ्यात उभा करून ठेवला, तर परगावच्या एखाद्या पाहुण्याला तो काठीपेक्षा निराळा वाटणार नाही. मग आदल्या रात्री हजारो माणसांनी ज्याच्यापुढे हात जोडले ते नेमके कशात होते? लाकडात होते, वस्त्रात होते, की ते वस्त्र नेसविणाऱ्यांच्या मनात होते? प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे. माणसाने घडविलेल्या, नेसलेल्या, रंगविलेल्या, डोळ्यांना दिसणाऱ्या व हातांना लागणाऱ्या वस्तू माणसालाच उलट कशा घडवितात, ‘मी कोण’ आणि ‘आम्ही कोण’ या प्रश्नांची उत्तरे त्याच्या नकळत त्याला कशा देतात, याचा शोध आपल्या पेडणे-डिचोली भागापुरता घेण्याचा हा प्रयत्न आहे.

तरंगापासूनच आरंभ करू. तरंगाला नेसविलेली लुगडी बाजारातून एकगठ्ठा आणलेली नसतात. कोणाच्या घरी मूल झाले, कोणी दुखण्यातून उठला, कोणाचा मुलगा समुद्रावरून सुखरूप परतला, म्हणून बोललेल्या नवसांची ती फेड असते. म्हणजे एकेका लुगड्यामागे एकेका घराची काळजी आहे. गुरव ती सारी लुगडी चुण्या घालून एका खांबावर बांधतो, तेव्हा शब्दशः अनेक घरे एकाच देवाच्या अंगावर येतात. पुढे गाऱ्हाणे होते. त्यात गावच्या सीमा, वाड्या, मानकरी, परगावी गेलेली लेकरे या सर्वांची नावानिशी वा नात्यानिशी आठवण होते. कानांनी जे गाऱ्हाण्यात ऐकावयाचे, तेच डोळ्यांनी तरंगावर पाहावयाचे. ‘गाव’ या कल्पनेला याहून नेमके चित्र कोठे सापडेल, असे मला वाटत नाही. मुंबईस स्थायिक झालेली कुटुंबे चवथीस वा जत्रेस येतात, नारळ ठेवतात, लुगडे देतात आणि परत जातात. त्यांचे गावातील घर कधीचेच पडलेले असते, पण तरंगावरील त्यांची जागा मोडलेली नसते.

वस्त्राने जे होते, तेच धातूच्या मुखवट्याने झालेले आपणांस श्रीसातेरीच्या बाबतीत दिसते. पेडणे, डिचोली व सत्तरी या तिन्ही महालांत सातेरी ही भूमीची देवता. तिचे मूळ रूप वारूळ, आपल्या बोलीतील रोयण. मुंग्यांनी उभारलेला मातीचा ढीग, ज्याला ना हात ना डोळे. काही देवळांत आजही गर्भगृहात वारूळच पुजले जाते. कोठे वारुळापुढे कलश आला व कलशावर चांदीचा वा पितळेचा मुखवटा चढला. कोठे पुढे पाषाणाची मूर्ती घडविली गेली आणि सातेरीला शांतादुर्गा म्हणू लागले. हे टप्पे पायऱ्यांसारखे एकामागून एक संपत गेले, असे मात्र नव्हे. एकाच देवळात वारूळ, मुखवटा व मूर्ती अशी तिन्ही रूपे शेजारी शेजारी नांदताना दिसतात. नांगर धरणाऱ्याला मातीतली देवी ओळखीची वाटते. घरात पोथी वाचणाऱ्याला अष्टभुजा मूर्ती. दोघेही तिला ‘आई’ म्हणतात. मुखवट्याला डोळे असतात ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. देव आपल्याकडे पाहतो आहे, ही जाणीव त्या दोन डोळ्यांनी आणली.

येथवर आपण गावाच्या सीमेत होतो. वस्तूंचे सामर्थ्य राजांनीही ओळखले होते. गोव्याच्या कदंब राजांचे कुलदैवत श्रीसप्तकोटीश्वर. त्यांच्या सोन्याच्या नाण्यांवर एका बाजूस सिंह, तर दुसऱ्या बाजूस आपणांस श्रीसप्तकोटीश्वराचा वरप्रसाद लाभला आहे असे सांगणारे बिरुद कोरलेले आढळते. नाणे ही हातोहात फिरणारी वस्तू; ज्याने कधी राजा पाहिला नाही व दिवाडी बेटावरचे ते देऊळही पाहिले नाही, त्याच्या मुठीतही त्या नाण्याबरोबर देवाचे नाव जाई. देवळाचा इतिहास पुढे मोठा कष्टाचा आहे. बहामनी स्वाऱ्यांत ते उद्ध्वस्त झाले. चौदाव्या शतकात विजयनगरचा माधव मंत्री याने देवाची पुनःस्थापना केली. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलाखाली ते पुन्हा पाडण्यात आले. त्यानंतर लिंग नदी ओलांडून डिचोली महालातील नार्वे येथे आणले गेले. तेथील देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी शके १५९० मध्ये, म्हणजे १६६८ साली केला. तो शिलालेख दारावर आजही वाचता येतो. महाराजांना गोव्याच्या भूमीवर आपले अस्तित्व सांगावयाचे होते, तेव्हा त्यांनी निवडले ते कदंबांचेच दैवत. नार्व्याचे देऊळ आकाराने फार मोठे नाही. पण नदीच्या एका तीरावर मोडलेली वस्तू दुसऱ्या तीरावर उभी राहते, यात जो अर्थ होता तो दोन्ही तीरांवरील लोकांना उमगला असला पाहिजे.

देवांच्या अशा स्थलांतराच्या कथा आपल्याकडे घरोघर आहेत. बार्देशातील सांगोल्ड्याची श्रीशांतादुर्गा आपल्या पेडणे महालात धारगळास आली. चोडणचे श्रीदेवकीकृष्ण प्रथम डिचोलीतील मये येथे व नंतर माशेलास गेले. देऊळ उचलून नेता येत नाही. शेत, तळी, पिंपळ मागेच राहतात. नेता येते ती मूर्ती, आणि फार झाले तर पालखीचे दांडे व चार भांडी. तेवढ्यावर पुन्हा सगळा गाव उभारावयाचा. म्हणूनच आपल्या लोकांना देवाच्या वस्तूंविषयी जे ममत्व वाटते, ते अन्यत्र क्वचितच इतके तीव्र असेल.

वस्तूंचा महिमा केवळ भक्तांनाच ठाऊक असतो असे नाही. तो मोडू पाहणाऱ्यालाही ठाऊक असतो, कित्येकदा अधिक स्पष्टपणे. गोव्यात इन्क्विझिशन १५६० साली स्थापन झाले व मध्यंतरीचा थोडा काळ वगळता १८१२ पर्यंत चालले. या न्यायसभेने १७३६ साली एक जाहीरनामा काढला. प्रा. अ. का. प्रियोळकर यांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथामुळे तो अभ्यासकांपुढे आला. धर्मांतरित ख्रिस्ती लोकांना उद्देशून काढलेल्या त्या जाहीरनाम्यात ईश्वराचे स्वरूप, आत्मा, मोक्ष असल्या तत्त्वचर्चेपेक्षा वस्तूंची यादीच अधिक आहे. लग्नात हळद लावू नये, विडे वाटू नयेत, वाद्ये व ओव्या नकोत. घराच्या आवारात तुळस लावू नये. अळणी भात शिजवू नये. पुरुषांनी धोतर नेसू नये व बायकांनी चोळी घालू नये. विचार करण्याजोगी गोष्ट आहे. बाप्तिस्मा होऊन पिढ्या लोटल्या होत्या, प्रार्थना बदलल्या होत्या, नावे बदलली होती. तरी धोतराची एक निरी आणि मिठावाचून शिजलेला भात या माणसांना मागे ओढील, ही भीती राज्यकर्त्यांना वाटत होती. त्यांची दृष्टी क्रूर होती, पण चुकीची नव्हती.

हे आपल्याच वाट्याला आले असेही नाही. याच सुमारास इंग्रजांनी स्कॉटलंडच्या डोंगरी लोकांचे बंड मोडल्यावर १७४६ साली कायदा करून त्यांच्या चौकड्यांच्या पोषाखास बंदी घातली होती. ती उठविण्यास १७८२ साल उजाडले. आज तेच चौकड्यांचे वस्त्र स्कॉटिश माणूस लग्नकार्यात मोठ्या अभिमानाने नेसतो. बंदीने वस्त्राचे मोल वाढविले.

आपला पेडणे महाल सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगीजांकडे गेला तो १७८८ साली. तिसवाडी त्यांच्या हाती जाऊन तोवर पावणेतीनशे वर्षे उलटली होती. नव्या काबिजादींत राज्यकर्त्यांचे धोरण निराळे होते. देवळे व रूढी यांना अभय मिळाले. त्यामुळे बार्देशात जे लोपले, ते शापोरा नदीच्या अलीकडे राहिले. आणि सावंतवाडीशी असलेला सांधा पोर्तुगीज सरहद्दीनेही तुटला नाही. आपल्या जत्रेतील दशावतारी काला हा त्या सांध्याचा जिवंत पुरावा होय. दशावतारी नटांचा पेटारा आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. त्यात मुकुट, दागिने, शस्त्रे, गणपतीची सोंड असे सामान. पण नट त्याची पूजा करतात, त्याला पाय लावीत नाहीत. दिवसा शेतात राबणारा माणूस रात्री त्या पेटाऱ्यातून राजा होऊन बाहेर येतो आणि उजाडता उजाडता पुन्हा शेताकडे वळतो. डिचोली व सत्तरीतील घोडेमोडणीचेही असेच. लाकडाचे घोड्याचे तोंड कमरेला बांधून, हाती तलवार घेऊन नाचणारा तरुण त्या घटकेपुरता स्वार होतो. ही राण्यांच्या पराक्रमाची आठवण आहे, असे लोक मानतात. ग्रंथ न वाचलेल्या समाजाने आपला इतिहास असा कमरेला बांधून ठेवला.

आता घराच्या दाराशी येऊ. हिंदू घरापुढे तुळशीवृंदावन, ख्रिस्ती घरापुढे खुरीस, ही गोव्याची खूणच आहे. वाटसरूला दार ठोठावण्यापूर्वीच घराची ओळख पटते. पण दोन्हींकडे नीट पाहावे. चौथरा तसाच, कोनाडा तसाच, सांजवेळी पणती किंवा मेणबत्ती लावण्याची वेळही तीच. घडविणारा गवंडी बहुधा एकच असे. आपल्या देवळांचेही तेच. घुमटाकार शिखर, भिंतीवरील अर्धस्तंभ, कमानदार खिडक्या, मजल्यामजल्यांची दीपमाळ हे पाहून घाटावरील पाहुणे गोंधळतात. ‘हे देऊळ की आणखी काही?’ असा प्रश्न मी स्वतः ऐकला आहे. मुसलमानी अमलातील घुमट, चर्चमधील खांब आणि आपली जांभ्या दगडाची बांधणी एकाच कारागिराच्या हाताखाली एकत्र आली व त्यातून गोव्याचे देऊळ झाले. त्याला कोणी भेसळ म्हणो. ती आपली मुद्रा आहे. पेडण्याच्या श्रीभगवतीच्या दाराशी उभे असलेले दोन भव्य हत्ती ज्याने लहानपणी पाहिले, त्याला ‘देऊळ’ म्हटले की तेच डोळ्यांपुढे येतात.

काही घराण्यांत चवथीला मातीच्या मूर्तीऐवजी कागदावरील चित्र अथवा पत्री पुजण्याची चाल आहे. मूर्ती उघडपणे आणता येत नव्हती त्या काळाची ही आठवण, असे त्या घरांतील वडीलधारी माणसे सांगतात. संकट गेले, तरी चाल मोडली नाही. मला यात फार मोठा अर्थ दिसतो. उणीव हीच त्या घरांची खूण ठरली. वर माटोळी मात्र भरघोस असते, आणि तिच्यात रानातील कोणती फळे टांगावयाची हे ज्याला ठाऊक, तो त्या मातीचा.

कागदाचा उल्लेख आला म्हणून आणखी एक सांगावयास हवे. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईस सुरू झाला आणि लक्ष्मी-सरस्वतीच्या रंगीत तसबिरी घरोघरच्या देवघरांत जाऊन बसल्या. आज डोळे मिटून लक्ष्मी आठवावयास सांगितले, तर शंभरांतील नव्वद जणांना कमळावर उभी असलेली, जरीचे लुगडे नेसलेली तीच तसबीर दिसेल. वारुळातील सातेरीला सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एका छापखान्याने मागे सारावे, याचा विचार कोणी फारसा करीत नाही.

पोषाखाविषयी थोडक्यात. १९१० साली पोर्तुगालात प्रजासत्ताक आले व गोव्यातील हिंदूंना समान नागरी हक्क मिळाले. लिसेव व कचेऱ्या यांची दारे उघडली. त्या काळातील जुने फोटो ज्यांच्या घरी असतील त्यांनी ते काढून पाहावेत. वर कोट, खाली धोतर, डोक्यावर टोपी वा पगडी, पायांत विलायती बूट. कोटाने कचेरीशी बोलावयाचे, धोतराने घराशी. शेजारी उभ्या असलेल्या बाईंच्या अंगावर मात्र नऊवारी लुगडेच. बदलाची मुभा पुरुषांना व परंपरा राखण्याचे ओझे स्त्रियांना, ही वाटणी त्या फोटोत जितकी स्पष्ट दिसते तितकी कोणत्याही ग्रंथात दिसणार नाही.

आणि वस्तू जशा जोडतात तशा तोडतातही, हे न सांगितल्यास हा लेख अपुरा व अप्रामाणिक होईल. पालखीला खांदा कोणी द्यावयाचा, तरंग कोणी धरावयाचे, चौकाच्या कोणत्या पायरीपर्यंत कोणी यावयाचे, हे ठरलेले असे. ढोल ज्याने मढविला व वाजविला, वेताची टोपली ज्याने विणली, त्याला तिच्याच पूजेच्या वेळी दूर उभे राहावे लागे. १९३३ च्या देवस्थान कायद्याने महाजनांच्या नोंदींना सरकारी शिक्का दिला. तेव्हापासून एक वहीदेखील ओळख ठरवू लागली. वहीत नाव असलेला आतला, नसलेला बाहेरचा. अस्पृश्यता घटनेने नष्ट केली आणि मुक्तीनंतर ती घटना गोव्यासही लागू झाली; परंतु मानपानाचे वाद आजही कित्येक गावांत जत्रेच्या तोंडावर उभे राहतात. ‘हा मान आमचा’ या शब्दांत प्रेम किती व अहंकार किती, हे ज्याचे त्याने तपासावे. लुगडे देताना देव जात विचारीत नाही.

शेवटी जो प्रश्न आज आपल्या दाराशी येऊन ठेपला आहे, त्याकडे वळतो. आपल्या किनाऱ्यावरील जुन्या देवळांच्या व घरांच्या भिंतींवर कावी चित्रे असत. सिंधुदुर्गापासून गोव्यातून खाली उत्तर कन्नडपर्यंत ही कला पसरली होती. तिची रीत अशी : शिंपले भाजून केलेला चुना व नदीची वाळू यांचा गिलावा भिंतीस द्यावयाचा, त्यावर तांबड्या मातीचा, म्हणजे कावेचा, रंग मिसळलेला पातळ थर चढवावयाचा, आणि तो ओला असतानाच लोखंडी टोकदार हत्याराने वरचा लाल थर खरवडून खालचा पांढरा चुना उघडा करावयाचा. मग गुळगुळीत गोट्याने घोटून पृष्ठभाग चकचकीत करावयाचा. रंग दोनच, लाल व पांढरा. तांबडी जमीन आपलीच, शिंपले आपल्याच किनाऱ्याचे. वेलबुट्टी, कमळे, देवादिकांच्या आकृती, हत्ती-घोडे हे सारे या दोन रंगांत. ओला थर वाळण्याच्या आत हात चालला पाहिजे. चूक पुसता येत नाही.

या भिंती आता झपाट्याने नाहीशा होत आहेत. शत्रू येऊन त्या पाडीत नाही. आपणच जीर्णोद्धार करतो. काही वर्षांपूर्वी मी एका गावच्या देवळात गेलो होतो. गावाचे नाव सांगत नाही. लहानपणी तेथील भिंतीवर लाल रेघांचा एक गरुड पाहिल्याचे मला चांगले आठवत होते. आता तेथे न्हाणीघरात बसवितात तशा चकचकीत फरशा बसविल्या होत्या. समितीचे वृद्ध गृहस्थ मोठ्या आनंदाने म्हणाले, “आता धुवायला किती सोपे झाले, पाहिलेत ना?” त्यांचा भाव शुद्ध होता, देणगीदारांनीही श्रद्धेनेच पैसा दिला होता. मला त्यांना काही बोलवेना. पण परत येताना मनात आले की, जाहीरनामे काढून ज्यांनी वस्तू मोडल्या त्यांच्याविरुद्ध आपण दुसऱ्या तीरावर जाऊन देव वाचविला. आपल्याच हौसेपासून तो वाचविण्यासाठी कोणत्या तीरावर जावयाचे?

प्रश्न केवळ सौंदर्याचा नाही. जांभा दगड पाणी शोषतो व सोडतो. चुन्याचा गिलावा त्याला तसे करू देतो. सिमेंट ती वाट बंद करते, ओल आत कोंडते आणि काही पावसाळ्यांनंतर भिंत आतून खिळखिळी होते. ‘जुने पडत होते म्हणून पाडले’ असे आपण म्हणतो, तेव्हा ते पडावयास आधीच्या दुरुस्तीतील सिमेंटच पुष्कळदा कारण झालेले असते. दुसरी वाट नाही असेही नव्हे. नार्व्याचे श्रीसप्तकोटीश्वराचे देऊळ राज्याच्या पुरातत्त्व खात्याने न पाडता, मूळ स्वरूप राखून दुरुस्त केले आणि ११ फेब्रुवारी २०२३ रोजी ते भाविकांसाठी पुन्हा खुले झाले. तेथे जाऊन येण्यास मांद्र्याहून एक दिवस पुरतो. सभासद कुटुंबांनी मुलांना घेऊन अवश्य जावे. दारावरील शिलालेख त्यांच्याकडून वाचवून घ्यावा, मग मागे उभे राहून देऊळ सावकाश पाहू द्यावे.

आणि आपल्या परिसरातील एखाद्या देवळाच्या किंवा आपल्याच वडिलोपार्जित घराच्या दुरुस्तीचा विषय निघेल, तेव्हा गवंड्याला बोलावण्यापूर्वी इतके करावे. घरातील सर्वांत वयस्कर बाईंना विचारावे, या भिंतीवर पूर्वी काय होते. त्या दाखवतील त्या ठिकाणी जाणत्या माणसाकडून वीतभर जागेवरील वरचे रंग हलकेच उतरवून पाहावेत. खाली लाल रेघ लागली, तर काम तेथेच थांबवावे.